धुराच्या तापमानाचं मीटर टर्बोच्या आधीच बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा चाकी ट्रक, बीएस-३, सहा सिलिंडरचं टर्बो-इंटरकूलर इंजिन, डिझेलचा यांत्रिक पंप. चिपळूणकडून जांभा चिरा भरायचा आणि कुंभार्ली घाट चढून कराडला खाली करायचा. एप्रिलमध्ये घाटातच पाचव्या नंबरचा पिस्टन वितळला, लाईनरही (पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती) गेला. पाण्याचा काटा मात्र शेवटपर्यंत मध्यावर होता. आता एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर बसवायचंय. एक मिस्त्री म्हणतो टर्बोनंतर (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबतो तो) सायलेन्सरच्या पाइपात बसवू, दुसरा म्हणतो मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळकांड्यात. कोणाचं ऐकायचं, किती तापमान चालतं आणि काम करून घेताना काय सांभाळायचं?

दुसऱ्या मिस्त्रीचं ऐका. मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी. गेली बावीस वर्षं मी घाटात चालणाऱ्या गाड्यांची इंजिनं बांधतोय आणि वितळलेले पिस्टन हातात घेऊन मालकांना समजावून सांगतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचा काटा गप्प का राहिला ते समजून घ्या. पाणी लाईनर आणि हेडभोवती फिरतं. पिस्टनपासून निघालेली उष्णता रिंगांमधून लाईनरला, लाईनरमधून पाण्याला आणि तिथून काट्याला पोचेपर्यंत काही मिनिटं जातात. शिवाय रेडिएटर चांगला असेल तर तो ती उष्णता बाहेर टाकत राहतो आणि काटा हलतच नाही. पिस्टनचा माथा अॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूचा. हा धातू साडेपाचशे ते पावणेसहाशे अंशांच्या दरम्यान मऊ पडून वितळायला लागतो. चालू इंजिनात तो टिकतो कारण दर फेऱ्याला थंड हवा आत येते आणि खालून ऑइलची पिचकारी त्याला गार करते. जळणारं डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली की हा तोल सुटतो, आणि सुटला की दोन-तीन मिनिटांत काम संपतं. पाण्याच्या काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. एक्झॉस्टमधला प्रोब, म्हणजे मीटरची तापमान मोजणारी कांडी, मात्र काही सेकंदांत सांगतो.

अशा डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा कमी-जास्त करणारी झडप नसते. जेवढी येईल तेवढी हवा आत जाते आणि ताकद फक्त डिझेल वाढवून मिळते. म्हणून धुराचं तापमान म्हणजे त्या क्षणाला हवेच्या मानाने डिझेल किती जातंय याचा हिशोब आहे. हे एकदा डोक्यात बसलं की मीटरवरचा प्रत्येक आकडा आपोआप कळायला लागतो.

आता टर्बोच्या आधी का, ते सांगतो. धूर टर्बोची चक्री फिरवतो तेव्हा त्याची उष्णता खर्च होते. पूर्ण लोडवर टर्बोच्या आधीच्या आणि नंतरच्या तापमानात शंभर ते दोनशे अंशांचा फरक पडतो. हा फरक कायम तेवढाच असता तर नंतरच्या आकड्यात दीडशे मिळवून भागलं असतं. तसं होत नाही. रिकाम्या गाडीत फरक थोडा असतो, चढावर पूर्ण रेस दिली की वाढतो. म्हणजे जिथे खरा आकडा हवा, तिथेच नंतरचं मीटर सगळ्यात जास्त फसवतं. पाइपात ५०० दिसत असताना टर्बोच्या आधी ६५० असू शकतं.

पहिल्या मिस्त्रीची भीती अगदीच खोटी नाही, तेही सांगतो. प्रोबचं टोक तुटलं तर ते थेट टर्बोच्या चक्रीत जातं आणि टर्बो संपतो. पण ही भीती खराब प्रोबची आहे, जागेची नाही. बंद टोकाचा, इन्कोनेल किंवा चांगल्या स्टेनलेसच्या नळीचा प्रोब घ्या. जाडी ५ मिलीमीटरच्या आसपास असू द्या. ३ मिलीमीटरचा लवकर दाखवतो, पण ट्रकच्या हादऱ्यात मला त्याचा भरवसा वाटत नाही. वर्षातून एकदा काढून टोक बघायचं. खड्डे पडलेले किंवा नळी बारीक झालेली दिसली तर बदलायचा. फिटिंग स्टेनलेसचंच हवं. मॅनिफोल्डमध्ये पितळी फिटिंग कोणी लावायला लागला तर थांबवा, त्या उष्णतेत पितळ मऊ पडतं.

प्रोब के-टाइपचा येतो. आत दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात, एक क्रोमेल आणि एक अॅल्युमेल. टोक तापलं की दोन तारांमध्ये अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. मीटर ते मोजतं. व्होल्टेज इतकं बारीक असल्यामुळे वायरिंगमधली छोटी चूकही आकड्यात उतरते, त्याबद्दल पुढे लिहितो.

जागा कुठली? टर्बोच्या फ्लँजच्या (बोल्ट लावून जोडायच्या कडेच्या) आधी तीन-चार सेंटीमीटरवर, जिथे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो आणि बीड (कास्ट आयर्न) जाड असतं. पण तुमच्यासारख्या सहा सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत मॅनिफोल्ड आतून दोन भागांत वाटलेलं असतं. पुढच्या तिघांचा धूर एका वाटेने आणि मागच्या तिघांचा दुसऱ्या वाटेने टर्बोत जातो. फ्लँजला मधे भिंत दिसली की तसं समजा. भोक त्या भिंतीवर जाता कामा नये. तुमचा पाचवा गेला होता, म्हणून मागच्या तिघांच्या वाटेत पाडा. जागा ठरवताना पाना फिरायला जागा राहते का आणि उष्णतेचा पत्रा परत बसतो का, हेही आधीच बघून घ्या. मॅनिफोल्डला कुठे केसाएवढी चीर असेल तर तिथे ड्रिल लावू नका. आधी मॅनिफोल्ड बदला.

गाडीवरच भोक पाडणारे पुष्कळ जण आहेत. ड्रिलला ग्रीस लावतात, इंजिन आयडलवर चालू ठेवतात, म्हणजे आतल्या दाबाने कीस बाहेर उडतो. मी हे करत नाही आणि तुम्हीही करून घेऊ नका. बिडाचा एक कण जरी चक्रीच्या पात्यावर लागला तरी पुरे, कारण लोडवर ती मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या आसपास फिरते. पात्याला खाच पडली की तोल गेला. अर्धा दिवस जास्त जाईल, पण टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवा. आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी नट हलत नसेल तर गॅसने तापवून सोडवा. जोर लावून स्टड तोडलात तर हेडमधून तो काढताना जास्त वेळ जातो.

मॅनिफोल्ड बाकावर घट्ट पकडलं की पंचने खूण करा. मग ३ मिलीमीटरचं ड्रिल, मग ६, मग साडेआठ ते पावणेनऊ. बीड कोरडंच कापायचं, तेल लागत नाही, कीस काळ्या भुकटीसारखा पडतो. आटे पाडताना मात्र टॅपच्या खाचांत ग्रीस भरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, कुठे अडलं तर टॅप काढून पुसा. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. परदेशी किटमधलं फिटिंग बहुतेक १/८ एनपीटी (अमेरिकन पाइपच्या) आट्याचं असतं आणि आपल्याकडच्या लेथवाल्याकडे टॅप असतो १/८ बीएसपीचा (ब्रिटिश पाइपच्या आट्याचा). दिसायला दोन्ही सारखे. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८, आट्याचा कोनही वेगळा. दोन फेरे हाताने बसतात, मग पान्याने ओढलं की बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या घाटात गळायला लागतं. फिटिंगच्या आट्यांवर थ्रेड गेज लावून बघा, मगच टॅप निवडा. आटे निमुळते असतात, म्हणून टॅप पूर्ण आत घालायचा नाही. मधे मधे फिटिंग लावून बघायचं. हाताने तीन-चार आटे बसलं आणि पान्याने अजून दीड-दोन फेरे घेतलं की थांबायचं.

आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप लावू देऊ नका. त्या तापमानात ती जळून जाते आणि तिचा धूरही विषारी असतो. तांब्याचं किंवा निकेलचं अँटी-सीझ लावा. ते नसलं तर प्रोब वर्षभरात बिडाशी एकजीव होतो.

प्रोबचं टोक धुराच्या प्रवाहाच्या मध्यावर यायला हवं. भिंतीजवळ राहिलं तर कमी दाखवतं, समोरच्या भिंतीला टेकलं तर बिडाचं तापमान दाखवतं आणि हादऱ्याने घासून तुटतं. भोकातून सरळ तार घाला, समोर टेकली की खूण करा, बीडाची जाडी वजा करा, उरलेल्याचं अर्धं घ्या. आतली वाट ४५ मिलीमीटरची असेल तर टोक २२ मिलीमीटर आत. फिटिंगमधली कडी एकदा आवळली की प्रोबला चावते आणि मग खोली बदलता येत नाही, म्हणून माप आधी, आवळणं नंतर. सगळं झाल्यावर मॅनिफोल्ड हवेने झोडून, चुंबक फिरवून, रॉकेलने धुऊन घ्या. गॅस्केट नवीनच टाका. टर्बोला ऑइलचा पाइप जोडण्याआधी त्यात थोडं स्वच्छ ऑइल ओता, म्हणजे पहिल्या स्टार्टला बेअरिंग कोरडं फिरत नाही.

वायरिंगकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण ते वायरमनकडे जातं आणि वायरमन त्याला हॉर्नच्या वायरसारखं वागवतो. प्रोबपासून मीटरपर्यंतची वायर के-टाइपचीच हवी. मधे साधी तांब्याची वायर जोडली तर थंड टोक, म्हणजे के-टाइपच्या तारा जिथे संपतात ते, त्या जोडापाशी येतं, पण मीटर समजतं की ते आपल्यापाशीच आहे. तो जोड इंजिनशेजारी ८० अंशांवर आणि मीटर केबिनमध्ये ३५ वर असेल, तर आकडा ४५ अंशांनी कमी दिसतो. म्हणजे तुम्ही ६५० समजून चढताय आणि आत जवळपास ७०० आहे. वायर कमी पडली तर के-टाइपची लांब वायर मागवा, तुकडा जोडू नका.

उलटसुलट जोडली तर प्रोब तापेल तसा आकडा खाली जातो, ते लगेच कळतं. पण मधली लांब वायर दोन्ही टोकांना उलटी लागली तर आकडा वर जातो, फक्त चुकीचा, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. रंगांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकन पद्धतीत पिवळी धन आणि लाल ऋण असते. आपल्याला सगळीकडे लाल म्हणजे धन अशी सवय, त्यामुळे इथेच गफलत होते. युरोपच्या पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे चुंबक. अॅल्युमेलची तार चुंबकाला चिकटते, क्रोमेलची नाही. जी चिकटते ती ऋण. स्पीकरमधला छोटा चुंबकही चालतो.

तुमची केबिन पुढे झुकणारी आहे. वायर मागच्या बाजूने सरळ वर घेतली तर पहिल्यांदा केबिन उचलताच तुटेल. बिजागरीपाशी जिथून गाडीचं मूळ हार्नेस वर जातं, तिथूनच न्या आणि तिथे एक सैल वळण सोडा. मॅनिफोल्डपासून निदान एक फूट लांब, काचतंतूच्या नळीतून न्या. स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या जाड वायरींना चिकटवून बांधू नका, आकडा नाचतो.

मीटरच्या करंटबद्दल एक गोष्ट. गाडी २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. मीटर बरेचदा १२ व्होल्टचं मिळतं. मग वायरमन दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतो. टेपसाठी आपल्याकडे सर्रास करतात, पण त्याने एक बॅटरी कायम अर्धी भरलेली राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ व्होल्टचं मीटर मिळालं तर उत्तम. नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. वाटेत छोटा फ्यूज आणि जोड इग्निशनच्या वायरवरून.

मीटर बसवायची जागा अशी हवी की रस्त्यावरची नजर फार न हलवता दिसेल. डॅशबोर्डवर उजव्या खांबाजवळ, आरशाला न झाकता. घाटात वळणावर मान खाली घालून बघावं लागत असेल तर तुमचा ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी बघणं सोडून देईल.

प्रोब मॅनिफोल्डमध्ये आवळण्याआधी मीटरला जोडून उकळत्या पाण्यात टोक बुडवा. कराडच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. डिजिटल मीटरने दोन-चार अंश इकडेतिकडे दाखवलं तर वायरिंग बरोबर आहे. साठ-सत्तर दाखवलं तर कुठेतरी चुकीची वायर आहे. काट्याच्या मीटरवर बरेचदा खालचे आकडेच नसतात, तिथे निदान काटा वर सरकतो का ते बघा.

आता आकडे. टर्बोच्या आधीचे, अंश सेल्सियसमध्ये. आयडलला सव्वाशे ते पावणेदोनशे. सपाटीला भरलेली गाडी ५०-५५ च्या वेगाने चालवताना साडेतीनशे ते साडेचारशे. चढावर ५५० ते ६०० हे इंजिनाचं रोजचं काम आहे, घाबरायचं नाही. ६५० दिसलं की काहीतरी बदलायचं. ७०० ही वेस. एखादी गाडी ओलांडताना दोन-चार सेकंद ७०० लागलं तर बिघडत नाही, पण ७०० वर घाट चढायचा नाही. काही गाड्या ७५० वरही चालल्याचं लोक सांगतात. चालल्या असतील. तुमच्या इंजिनाने एकदा पिस्टन टाकलाय, तुम्ही ६५० लाच पाय उचला.

‘काहीतरी बदलायचं’ म्हणजे काय, तर गियर. नव्या ड्रायव्हरला हे उलटं वाटतं. तिसऱ्या गियरमध्ये इंजिन १२०० फेऱ्यांवर दमत चढतंय, पाय पूर्ण दाबलेला, मीटर ६८०. त्याला वाटतं खालचा गियर टाकला की इंजिन जास्त ओरडेल आणि जास्त तापेल. होतं उलट. दुसरा टाकून इंजिन १८००-१९०० वर आलं की टर्बो जोरात फिरतो, हवा वाढते, प्रत्येक फेऱ्याला लागणारं डिझेल कमी होतं, आणि काटा शंभर अंश खाली येताना डोळ्यांना दिसतो. एका गाडीबरोबर मी स्वतः घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर बसून गेलो होतो. ड्रायव्हर पंचवीस वर्षांचा अनुभवी, आयुष्यभर वरचा गियर ओढत चढायची सवय. त्याने एकदा गियर पाडला, काटा ६७० वरून ५६० वर आला, आणि त्यानंतर घाटमाथ्यापलीकडच्या हेळवाकपर्यंत मला एक शब्द बोलावा लागला नाही. मीटर बघून त्याचं त्यालाच कळत गेलं.

पण तुमच्या बाबतीत नुसतं मीटर लावून मी थांबणार नाही. तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत पंप ‘जरा खुला’ करून घेतला होता, गाडी छान ओढायला लागली आणि थोडा काळा धूर यायचा. एप्रिलच्या पिस्टनचं कारण मला तिथेच दिसतंय. काळा धूर म्हणजे हवा न मिळालेलं डिझेल. पंप बेंचवर लावून कंपनीच्या मापावर आणा आणि सील करून घ्या. बूस्टप्रमाणे (टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे) डिझेल वाढवणारा जो डबा पंपावर असतो, त्याचा पडदा फाटलाय का किंवा स्क्रू कोणी फिरवलाय का तेही बघायला सांगा. डिझेल फवारणारे सगळे नोझल टेस्टरवर लावा. थेंब टाकणारा एक नोझलही एकट्या पिस्टनला जाळायला पुरतो, आणि मॅनिफोल्डमधलं मीटर तीन सिलिंडरांची सरासरी दाखवत असल्यामुळे तो त्यात लपतो. पाचव्याची ऑइलची पिचकारी इंजिन बांधताना साफ केली होती का, हे मिस्त्रीला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर ऑइल चेंबर उतरवून बघा.

मग हवेची बाजू. चिऱ्याच्या खाणीतली लाल धूळ एअर फिल्टर किती लवकर बुजवते ते तुम्हाला मी सांगायला नको. इंटरकूलरचे होजपाइप आणि क्लिपा साबणाच्या पाण्याने, आत हवेचा दाब देऊन तपासा. बारीक गळती कानाला ऐकू येत नाही, पण चढावर मीटर ४०-५० अंश वर नेते. इंटरकूलरच्या तोंडावर चिकटलेला चिखल मागून पुढे पाणी मारून काढा. आणि वजन आरसी बुकात लिहिलंय तेवढंच भरा. वरचे दोन थर चिरे जास्त भरलेत तर त्यापासून कुठलंही मीटर वाचवणार नाही.

मीटरचा आणखी एक उपयोग रोजचा आहे. घाट चढून हॉटेलवर थांबलात की लगेच चावी फिरवू नका. मीटर २०० च्या खाली येईपर्यंत आयडलवर ठेवा, दोन-तीन मिनिटं लागतात. तापलेल्या टर्बोत ऑइलचा प्रवाह अचानक थांबला की बेअरिंगवर ते जळून कोळशासारखं बसतं. पूर्वी अंदाजाने थांबायचो, आता आकडा बघून थांबता येतं.

तुमच्या भावाच्या बीएस-६ गाडीलाही बसवू का, असं विचारलंय. नको. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत धुराच्या वाटेवर कंपनीचेच तापमान सेन्सर असतात, फिल्टर आणि युरियाची यंत्रणा त्यांच्यावर चालते, आणि तापमान वाढलं तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) स्वतः ताकद कमी करतं. तिथे भोक पाडून वॉरंटी घालवू नका. स्कॅनर लावून तेच आकडे बघता येतात.

काम झाल्यावर पहिले दोन दिवस गाडी कमी लोडवर चालवा, इंजिन थंड असताना फिटिंग आणि टर्बोचे नट पुन्हा एकदा आवळा. फिटिंगभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर आटे गळताहेत. मग भरलेली पहिली फेरी तुम्ही स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून करा, वही घेऊन. पोफळीला किती, घाटाच्या मध्यावर कुठल्या गियरमध्ये किती, माथ्यावर किती, आणि बाहेर हवा किती तापलेली होती, एवढं लिहा. पुढे महिना-दोन महिन्यांनी त्याच वळणावर, तेवढ्याच वजनाला, त्याच गियरमध्ये आकडा तीस-चाळीसने वाढलेला दिसला, तर आधी फिल्टर आणि होजपाइप बघा, मग नोझल.